खुंटी, दोरी आणि संगणक
(श्रीभैरवनाथ मंदिर जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळ्याच्या पूर्वसंध्येस सभामंडपात केलेले भाषण)



श्रीभैरवनाथाच्या कृपेने उद्या सकाळी आपल्या मंदिरावर कळस चढणार आहे. अशा मंगल प्रसंगी कीर्तनकार बुवांनी बोलावे, मी बोलू नये. मी तहसील कचेरीतला एक कारकून, शिक्षण एस. एस. सी. पर्यंत. परंतु मागच्या हिशेबाच्या सभेत एक प्रश्न निघाला आणि समितीने त्याचे उत्तर देण्याचे काम माझ्यावर टाकले. प्रश्न असा होता की, शिखराच्या नकाशासाठी संगणकवाल्यांना एवढी रक्कम का दिली? आपल्या वाडवडिलांनी मंदिर बांधले तेव्हा कुठे संगणक होता?

प्रश्न रास्त आहे. देवाच्या पैशाचा हिशेब पै न् पै मागितलाच पाहिजे. माझा पुतण्या पुण्याजवळ मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात ड्राफ्ट्समन आहे. त्याच्याजवळ बसून, त्याची पुस्तके चाळून मला जे उमगले ते आपल्यापुढे ठेवतो. चुकले-माकले तर पदरात घ्यावे.

सरळ रेषा आखायला फार अक्कल लागत नाही. दोन खुंट्या ठोका, दोरी ताणा, झाली रेषा. भिंत उभी आहे की नाही ते ओळंबा सांगतो. गोल काढायचा तर एका खुंटीला दोरी बांधून फिरवा. अडचण येते ती शिखराच्या बाकाला. तो सरळ नाही आणि गोलही नाही. खाली कमी वळतो, वर जास्त वळतो. असा बाक कागदावर कसा लिहायचा, आणि कागदावरून दगडावर कसा न्यायचा? जहाजे बांधणारे लोक लाकडाची लवचीक पट्टी वाकवून, तिच्यावर वजने ठेवून, तिच्या कडेने रेघ ओढत. आपल्याकडे वेळूची कांब वाकवूनही तेच साधते. पण कांब उचलली की बाक गेला. दुसऱ्याला तो जसाच्या तसा सांगता येत नाही.

ही अडचण फ्रान्स देशातील मोटारींच्या कारखान्यांना फार जाचत होती. मोटारीचे अंग सगळे बाकदार. आधी कारागीर मातीचा किंवा लाकडाचा नमुना करी, त्यावरून नकाशा, नकाशावरून पक्का नमुना, त्यावरून पत्रा दाबण्याचे साचे. दर हस्तांतरात थोडी थोडी चूक शिरे आणि शेवटी दार चौकटीत बसत नसे. अशातच आकड्यांच्या हुकमावर चालणारी कातकामाची यंत्रे निघाली. पण यंत्राला कांब कळत नाही, त्याला आकडे लागतात. तेव्हा बाकाचे आकडे करायचे कसे, हा प्रश्न उभा राहिला.

याचे उत्तर दोन माणसांनी, दोन वेगळ्या कंपन्यांत, एकमेकांस नकळत शोधले. पहिले पॉल द कास्तेलजो. हे गणितज्ञ, जन्म १९३० चा. १९५८ साली ते सित्रोएं कंपनीत लागले आणि १९५९ मध्ये त्यांनी आपली रीत कागदावर मांडली. ती इतकी सोपी आहे की उद्या पोरांनी पटांगणात करून पाहावी.

जमिनीवर ८ हात बाजूचा चौकोन आखा आणि चारही कोपऱ्यांवर खुंट्या ठोका. डावीकडची खालची पहिली, तिच्या वरची दुसरी, उजवीकडची वरची तिसरी आणि तिच्या खालची चौथी. पहिलीपासून चौथीपर्यंत क्रमाने दोरी ताणा. खालची बाजू मोकळी राहील. आता दोरीच्या तिन्ही भागांच्या बरोबर मध्यावर खूण करा. या तीन खुणा जोडल्या की दोन रेषा मिळतात. त्यांच्या मध्यावर खुणा करा. त्या दोन खुणा जोडल्या की एक रेषा, आणि तिचा मध्य म्हणजे एक बिंदू. मोजून पाहा, तो खालच्या बाजूपासून बरोबर ६ हातांवर येईल. तोच कमानीचा माथा.

मध्याऐवजी सगळीकडे पाव अंतरावर खुणा केल्या तर कमानीवरचा दुसरा बिंदू मिळतो. पाऊण अंतरावर केल्या तर तिसरा. असे बिंदू काढत गेलात की सुरेख कमान उमटते. ती पहिल्या खुंटीपासून निघते आणि चौथीवर संपते. मधल्या दोन खुंट्यांना ती शिवत नाही, पण त्या तिला आपल्याकडे ओढून धरतात. एक खुंटी हलवली की कमानीचा बाक बदलतो. म्हणजे सगळा बाक सांगायला चार खुंट्यांच्या जागा पुरल्या. ते आकडे पत्राने कळवा, तीच कमान जगात कुठेही निघेल. आणि एका दोरीऐवजी चार ओळींत चार चार अशा १६ खुंट्या घेतल्या तर रेघेऐवजी बाकदार पत्राच मिळतो. संगणक हेच काम करतो. फक्त डोळ्याचे पाते लवते न लवते तोच हजारो वेळा करतो.

दुसरे गृहस्थ पियर बेझिए, जन्म १९१० चा. ते १९३३ पासून १९७५ पर्यंत रेनो कंपनीत होते, आणि यंत्रांचे जाणकार अभियंता होते. त्यांनी १९६० च्या दशकात वेगळ्या वाटेने याच वक्रापर्यंत मजल मारली आणि त्यावर युनिसर्फ नावाची पद्धत उभी केली. नकाशापासून यंत्रापर्यंत एकच आकडे, मध्ये हस्तांतराची चूक नाही. सुरुवातीला कंपनीतल्या लोकांचा विश्वास बसेना. एवढे चांगले असते तर अमेरिकेने आधीच काढले नसते का, असा सूर निघाल्याचे बेझिए यांनीच पुढे सांगून ठेवले आहे. आपल्याही गावात नव्या कामाला असेच म्हणतात, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

अमेरिकाही स्वस्थ नव्हती. तेथे १९६३ साली इव्हान सदरलँड या तरुणाने स्केचपॅड नावाची आज्ञावली केली. प्रकाशाच्या लेखणीने पडद्यावर वेड्यावाकड्या रेघा ओढाव्यात आणि या दोन समांतर कर असे सांगावे, की संगणक त्या समांतर करून देई. माणसाने चित्र काढून यंत्राशी बोलावे, ही वाट तेथून रुंद झाली.

परंतु रेघ आणि पत्रा म्हणजे दगड नव्हे. दगडाला आत आणि बाहेर असते, वजन असते. हे संगणकाला समजावण्याचे काम १९७० च्या दशकात झाले. इंग्लंडमध्ये केंब्रिज येथे इयान ब्रेड यांनी १९७३ च्या आपल्या प्रबंधात घन वस्तू संगणकात कशी ठेवावी ते मांडले. कोणता पृष्ठभाग कोणत्या कडेला लागून आहे, कोणती कड कोणत्या कोपऱ्यावर संपते, याची नोंद ठेवायची. आमच्या कचेरीत प्रत्येक गटाच्या चतु:सीमा लिहितात, तसेच हे. अमेरिकेत रॉचेस्टर येथे व्होलकर आणि रेक्विशा यांनी पाथरवटाचीच रीत घेतली. एक ठोकळा घ्या, त्यातून गोल खांबाएवढा भाग वजा करा, दुसरा ठोकळा मिळवा. बेरीज-वजाबाकीने वस्तू घडवा.

नोंद चुकली तर कळावे कसे? त्याला ऑयलर या गणितज्ञाचा अठराव्या शतकातला एक ताळा आहे. ज्याला आरपार भोक नाही असा साधा घडीव दगड घ्या. त्याच्या बाजू आणि कोपरे यांची बेरीज करा, तीतून कडा वजा करा. उत्तर २ आले पाहिजे. चिऱ्याला ६ बाजू, ८ कोपरे, १२ कडा, उत्तर २. त्याचा एक कोपरा छाटला तर ७ बाजू, १० कोपरे, १५ कडा. उत्तर पुन्हा २. असे ताळे घालून संगणक आपली वही तपासतो.

आता आपल्या शिखराकडे येतो. नकाशाच्या पैशात आपल्याला चित्र नव्हे, तर प्रत्येक थरातील प्रत्येक दगडाचा आकार आणि घनफळ मिळाले. आपला काळा दगड घनमीटरला साधारण २.८ ते ३ टन भरतो. घनफळ कळले की वजन कळले, आणि वजन कळले की जुन्या भिंतींवर किती भार येणार ते कळले. पहिल्या आराखड्यातले शिखर त्या भिंतींना जड जात होते, म्हणून ते दोन थरांनी उतरवले. भार आधी न मोजता चढवला असता आणि गर्भगृहाला तडा गेला असता, तर नकाशाचे वाचलेले पैसे कोणाच्या कामी आले असते? हे माझे हिशेबाचे उत्तर.

पण बंधूंनो, या अभ्यासात मला एक गोष्ट लागून राहिली, ती सांगून संपवतो. कास्तेलजोंची रीत आधीची, १९५९ ची. परंतु त्यांच्या कंपनीने ती गुपित म्हणून कपाटात ठेवली. बेझिए यांना आपले काम प्रसिद्ध करता आले. म्हणून जगाने त्या वक्राला बेझिए यांचे नाव दिले. यात बेझिए यांनी काही लुबाडले असे मुळीच नाही. त्यांनी स्वतंत्र बुद्धीने शोधले आणि तडीस नेले. तरीही पहिल्या माणसाचे नाव बरीच वर्षे कोणाला ठाऊक नव्हते. पुढे त्यांची टिपणे बाहेरच्या अभ्यासकांच्या हाती पडली, आणि त्या खुंट्या-दोरीच्या रीतीला कास्तेलजोंचे नाव लागले. २०१२ साली या विषयाच्या संस्थेने त्यांना पुरस्कार दिला. त्या पुरस्काराचे नाव काय, तर बेझिए पुरस्कार! २०२२ साली कास्तेलजो वारले. आज वक्र एकाच्या नावाने आणि रीत दुसऱ्याच्या नावाने, अशी दोघांची नोंद आहे.

मी आयुष्यभर नोंदींत वावरलो. वीस-वीस वर्षे जमीन कसलेला माणूस खिडकीपाशी येतो आणि उताऱ्यात त्याचे नाव नसते. त्यात कोणाचा कपटभाव असतोच असे नाही. वेळेवर कोणी लिहिले नाही, एवढेच. पण न लिहिलेल्याची किंमत त्याची मुलेबाळे मोजतात.

उद्या सभामंडपात देणगीदारांचा संगमरवरी फलक बसणार आहे. तो बसलाच पाहिजे. त्यांच्याविना हे काम उभे राहिले नसते. परंतु ज्या पाथरवटांनी हे थर घडवले, ज्या माउल्यांनी पाणी वाहिले, ज्या पोरांनी सुटीच्या दिवशी श्रमदान केले, त्यांची नावे कोठे आहेत? हजेरीची वही माझ्याजवळ आहे, एकही दिवस चुकलेला नाही. जुने मंदिर कोणी घडवले हे आज आपल्यापैकी कोणालाही सांगता येत नाही. नवे कोणी घडवले हे तरी आपल्या नातवंडांना सांगता यावे. संगमरवर महाग असेल तर आपल्याच काळ्या दगडाची पाटी चालेल. तिचा खर्च देणगीच्या रकमेत बसत नसेल, तर पहिली वर्गणी माझी लिहून घ्यावी, आणि माझे नाव मात्र त्या पाटीवर घालू नये; मी एकही दगड उचललेला नाही.

समितीने यावर विचार करावा अशी हात जोडून विनंती करतो.  श्रीभैरवनाथ आपणा सर्वांना सुबुद्धी आणि सुख देवो.

नाथसाहेबांच्या नावानं चांगभलं!