घास आणि ठसका



कवी माणसाला बोलावलं की तो पावसावर बोलेल नाहीतर गझलेवर, असं साधारण गृहीत धरलेलं असतं. आज मी ठसक्यावर बोलणार आहे. आपल्या मराठीत हा शब्द मोठा गमतीचा आहे. लावणीचा ठसका म्हटलं की माणसं सावरून बसतात आणि जेवताना ठसका लागला की तीच माणसं पाण्याच्या तांब्याकडे धावतात. मी बोलणार आहे तो ठसका या दोन्हींहून लहान आहे. सहा-सात महिन्यांचं मूल दुधावरून घासावर येतं, तेव्हा त्याला लागतो तो. मी डॉक्टर नाही, बी. ए. झालेला साधा माणूस आहे. पण या ठसक्यापायी माझ्या हातून एक चूक झाली. ती दुसऱ्या कुणाच्या हातून होऊ नये, म्हणून आजचं हे बोलणं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. हिवाळ्यातला रविवार होता. नातीला सातवा महिना सरत आला होता. महिनाभर आधीच तिची खीर चटाई झाली होती. हिंदू घरांत उष्टावण करतात ना, त्यालाच आमच्याकडे खीर चटाई म्हणतात. नाव वेगळं, खीर तीच. त्यानंतर तिचा मऊ भात, वरणाचं पाणी, कुस्करलेलं केळं असा क्रम सुरू झाला होता. त्या दिवशी मी अंगणात ऊन खात संत्री सोलत बसलो होतो. नागपूरचा आजा, हातात संत्रं आणि मांडीवर नात. मोह आवरला नाही. एक फोड घेतली, बिया काढल्या, वरचं साल अर्धवट काढलं आणि तिच्या तोंडात दिली.

तिनं दोनदा तोंड हलवलं आणि एकदम तिला उमासा आला. डोळ्यांत पाणी, चेहरा लालबुंद, जीभ बाहेर, घशातून ‘ऑक, ऑक’ असा आवाज आणि मागोमाग खोकला. माझं काळीज लकाकलं. मी काय करावं? तिच्या तोंडात बोट घातलं. फोड बाहेर काढायला गेलो आणि ती माझ्याच बोटानं आत सरकली.

आवाज थांबला. खोकला थांबला. तोंड उघडं, पण रडं फुटेना. श्रोतेहो, आयुष्यात मी शांततेवर पुष्कळ लिहिलं आहे. त्या दिवसानंतर तो शब्द लिहिताना माझा हात अडखळतो.

सून स्वयंपाकघरातून धावत आली. ‘अब्बा, द्या इकडे,’ एवढंच म्हणाली. तिनं मुलीला पालथं करून आपल्या हातावर घेतलं, डोकं खाली, हनुवटीला बोटांचा आधार. आणि पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मधे, तळहाताच्या मनगटाकडच्या भागानं थापा मारल्या. चौथ्या थापेला फोड अंगणात पडली आणि पोरीनं जे भोकाड पसरलं, ते ऐकून मी मटकन खाली बसलो. सून कॉलेजात एनसीसीत होती. तिथं शिकलेला प्रथमोपचार तिला आठवला म्हणून निभावलं.

संध्याकाळी आम्ही बालरोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी मुलीला नीट तपासलं आणि मग मला समोर बसवलं. म्हणाल्या, ‘काका, तुम्ही दोन वेगळ्या गोष्टींना एकच समजलात.’

पहिली गोष्ट म्हणजे उमासा. डॉक्टर त्याला गॅग म्हणतात. जिभेवर काही जाड, अनोळखी आलं की घसा आकसतो, जीभ पुढे येते आणि तो जिन्नस बाहेर ढकलला जातो. ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे, म्हणजे ती शरीर आपली आपण करतं. मोठ्या माणसात तिची कळ जिभेच्या पार मागे असते. लहान बाळात ती बरीच पुढे असते. समजा, निसर्गानं घराचा पहारेकरी दारावर न ठेवता गल्लीच्या तोंडाशीच उभा केला आहे. जरा अनोळखी कुणी दिसलं की तो हाकलून देतो. मूल जसजसं खायला शिकतं, तसतसा हा पहारेकरी मागे मागे सरकतो. म्हणजे उमासा हा आजार नाही आणि अपघातही नाही. ती राखण आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे घास श्वासनलिकेत अडकणं. बाळाची श्वासनलिका सरबताच्या नळीएवढी असते. ती बंद झाली की आवाजच निघत नाही. मूल रडू शकत नाही, जोरानं खोकू शकत नाही, ओठ निळे पडू लागतात. आपल्याकडच्या सावळ्या मुलांचा चेहरा निळा पडलेला चटकन कळत नाही. त्यांचे ओठ, हिरड्या आणि नखं पाहावीत.

बाईंनी मला जे सोपं करून सांगितलं, तेच तुम्हाला सांगतो. मूल लाल झालं आहे, खोकतं आहे, आवाज करतं आहे, तोवर त्याच्याजवळ बसा, लक्ष ठेवा, हात लावू नका. पाणी पाजू नका, पाठीत धपाटे घालू नका, आणि दिसत नसलेली वस्तू शोधायला तोंडात बोट तर मुळीच घालू नका. आवाज बंद झाला, रंग बदलला, की मात्र एक क्षण दवडू नका. वर्षाच्या आतलं मूल असेल तर सुनेनं केलं तसं पालथं धरून पाठीवर पाच थापा. तेवढ्यानं निघालं नाही तर उताणं करून छातीच्या मधोमध पाच दाब. मग पुन्हा पाच थापा. घास निघेपर्यंत हे आळीपाळीनं. इतक्या लहान मुलाचं पोट दाबायचं नाही. दुसऱ्यानं तोवर १०८ ला फोन करायचा. मूल निपचित पडलं तर छाती दाबून, तोंडानं श्वास देऊन त्याला जगवावं लागतं. ऐकून हे सगळं जमत नाही, हात बसावा लागतो. म्हणून घरातल्या एकानं तरी प्रथमोपचाराच्या वर्गात बाहुलीवर हे शिकून घ्यावं.

इथं गोष्ट संपली असती तर मी आज आलो नसतो. खरी चूक पुढेच झाली.

त्या दिवसानंतर मी घरात फर्मान काढलं, पोरीला तुकडा म्हणून काही द्यायचं नाही. सगळं मिक्सरमधून. भात मिक्सरमधून, खिचडी मिक्सरमधून, केळंसुद्धा मिक्सरमधून. डॉक्टरबाई नको म्हणत होत्या, सून नको म्हणत होती, पण आज्याच्या भीतीपुढे कुणाचं चाललं नाही. तीन महिने पोर लापशी गिळत होती. दहाव्या महिन्यात भाताचं एक शीत जरी लापशीत आलं, तरी ती सगळा घास थुंकून द्यायची. तिला चावायचं असतं हेच ठाऊक नव्हतं. आम्ही तिला शिकूच दिलं नव्हतं.

चावणं शिकायचा एक काळ असतो. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या परिसरातल्या सात हजारांहून अधिक मुलांची माहिती अभ्यासून २००९ साली एक निबंध प्रसिद्ध झाला. ज्यांना गाठी-कण असलेलं अन्न नऊ महिन्यांनंतर मिळालं, त्यांच्या खाण्याच्या तक्रारी सातव्या वर्षीही अधिक होत्या; फळं-भाज्याही ती कमी खात. न्यूझीलंडमध्ये २०६ बाळांवर झालेला एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात काही बाळांना आपल्या हातानं तुकडे उचलून खाऊ दिलं होतं आणि कोणते पदार्थ धोक्याचे, हे त्यांच्या आईबापांना आधी समजावलं होतं. या बाळांना सहाव्या महिन्यात उमासे जास्त आले, पण आठव्या महिन्यात इतर बाळांपेक्षा कमी. घास अडकण्याचं प्रमाण त्यांच्यात जास्त आढळलं नाही. मात्र दोन्हीकडच्या बऱ्याच मुलांना घरी धोक्याचे पदार्थ दिले जात होते, हेही त्या अभ्यासात दिसलं.

म्हणजे उमाशाला भिऊन उपयोग नाही. भ्यायचं ते चुकीच्या पदार्थाला. आपल्या घरातली यादी पाहा. शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं, बोरं, पॉपकॉर्न, कच्चं गाजर, सफरचंदाची कडक फोड, सुपारी, बडीशेप, संत्र्याची बी आणि तिचं चिवट साल. आम्ही नागपूरकर तर्रीपोहे खाता खाता मांडीवरच्या पोराच्या तोंडात एखादा चणा सहज घालतो. शेंगदाणा तर फार लबाड. तो श्वासनलिकेत गेला की कधीकधी थोडा वेळ खोकला येतो आणि थांबतो. घरच्यांना वाटतं, गेला पोटात. पण त्याच्या तेलानं आत सूज येते, मुलाचा खोकला आठवडेच्या आठवडे हटत नाही आणि शेवटी दुर्बीण घालून दाणा काढावा लागतो. चार-पाच वर्षांचं होईपर्यंत मुलाला अख्खा दाणा देऊ नये. कूट करून द्यावं.

घास भरवण्याची रीतही पाहा. पूर्वी मुलाला पायांवर आडवं घालून, नाक दाबून बोंडल्यानं गुटी पाजत. त्या आज्यांची माया खोटी नव्हती, पण ती रीत धोक्याची होती. खाताना मूल ताठ बसलेलं हवं. म्हणून तर सहा महिने थांबायचं. जागतिक आरोग्य संघटना सांगते, सहा महिने फक्त आईचं दूध आणि त्यानंतर दुधासोबत वरचं अन्न. तोवर मान सावरते, आधारानं बसता येतं, घास जिभेनं बाहेर ढकलण्याची सवय जाते. सुरुवातीला केळं, पिकलेली पपई, उकडलेला बटाटा, रताळं, गिजगा भात, शोरव्यात भिजवून कुस्करलेली पोळी. चिमटीत धरून दाबलं की चुरा होईल इतकं मऊ. वर्षाच्या आत मध मात्र चाटवू नका, त्यातून गंभीर विषबाधा होऊ शकते.

आणखी एक सांगतो. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, सहा ते तेवीस महिन्यांच्या दर शंभर मुलांत पुरेसा आहार मिळणारी मुलं जेमतेम अकरा निघाली. सहा ते आठ महिन्यांच्या निम्म्याहून अधिक मुलांना आईच्या दुधासोबत वरचं अन्न सुरू झालेलं नव्हतं. कित्येक घरांत याचं कारण दारिद्र्य आहे, मजुरीला गेलेली आई आहे, रिकामा डबा आहे. तिथं माझ्यासारख्यानं उपदेश करू नये. पण माझ्या घरात डबा भरलेला होता. तरी पोर उपाशीच राहत होती, माझ्या भीतीपायी.

शेवटी आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. आधी मिक्सर बंद. मग हातानं कुस्करलेली खिचडी, मग बोटाएवढी उकडलेल्या रताळ्याची काप तिच्याच मुठीत. पहिला आठवडा कठीण गेला. दर दोन घासांमागे उमासा. मी शेजारी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायचो, कारण हातांवर माझा भरवसा नव्हता. ती लाल व्हायची, खोकायची, तुकडा बाहेर टाकायची, त्याच्याकडे नवलानं बघायची आणि तोच तुकडा पुन्हा तोंडात घालायची. तिला भीती वाटत नव्हती. भीती होती ती समोर बसलेल्या पंचावन्न वर्षांच्या माणसाला. महिन्याभरात उमासे कमी झाले. वर्षाची झाली तेव्हा ती आमच्या ताटातलं वरण-भात-पोळी खात होती.

आपल्याकडे काऊचा घास, चिऊचा घास करून मुलांना भरवतात. त्यात फार माया आहे. पण काऊ काय नि चिऊ काय, आपल्या पिल्लाला जन्मभर भरवत नाही. चोच उघडून दाखवते आणि मग बाजूला सरकते. आपल्यालाही सरकायला जमलं पाहिजे. दूर जायचं नाही, उठायचं नाही, मोबाईल बघायचा नाही. फक्त हात आवरून जवळ बसायचं.

नात आता तीन वर्षांची होत आली आहे. परवा तर्रीपोहे खाताना मलाच जोराचा ठसका लागला. डोळ्यांत पाणी आलं. ती तिचं ताट सोडून उठली, माझ्या टाळूवर थापटू लागली आणि म्हणाली, ‘वर बघ दादा, वर बघ.’

मी वर बघितलं. खोकला चालू होता, आवाज येत होता. काळजीचं काही कारण नव्हतं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)