शेणापासून वीज होईल, पण पाणी कोण आणणार?

जालन्याच्या मस्तगड भागातून आम्ही गटाच्या बायका तुमच्याशी बोलतोय. मागे आम्ही गोबरगॅसवर बोललो होतो. तेव्हापासून एक प्रश्न सारखा येतोय. शेतातल्या वस्तीवर राहणाऱ्या बायका विचारतात, गॅसवर भाकरी होते हे कळलं, पण त्याच गॅसवर वीज होईल का? गावठाणात खांब आले, वस्तीवर आले नाहीत. रात्री पोराला ताप आला तर मोबाईलच्या उजेडात औषधाची बाटली शोधायची, अशी गत आहे.

त्यातच एका गटाकडे कुणीतरी माहितीपत्रक घेऊन आलं. इंधन न जाळता वीज, आवाज नाही, धूर नाही, खांबाची गरज नाही. गटानं कर्ज काढावं असं बोलणं सुरू झालं. कर्ज काढायच्या आधी यंत्र समजून घेतलेलं बरं, म्हणून आज हा विषय घेतला.

यंत्राचं नाव मोठं आहे, सॉलिड ऑक्साइड फ्युएल सेल. मराठीत इंधनघट म्हणतात. घट म्हणजे इथं सेल, विजेरीत घालतो तसा. फरक इतकाच की विजेरीचा सेल संपला की फेकायचा. या घटाला एका बाजूनं गॅस आणि दुसऱ्या बाजूनं हवा मिळत राहिली, तर तो वीज देत राहतो.

आता न जाळता वीज कशी होते ते बघू. डिझेलच्या जनरेटरमध्ये डिझेल जळतं, त्या जोरावर इंजिन फिरतं, इंजिन जनित्राला फिरवतं आणि मग वीज येते. प्रत्येक पायरीवर थोडं सांडतं. डिझेलमधल्या शंभर भाग ताकदीतून लहान जनरेटर पंचवीस-तीस भागच वीज देतो, बाकी सगळी गरमी होऊन जाते. एका लिटरमागे तीनेक युनिट पडतात. डिझेल ९० रुपये लिटर धरलं तर एका युनिटला ३० रुपये, आणि आवाज फुकट.

इंधनघटात मधल्या पायऱ्या नाहीत. त्यात चिनीमातीसारखी भाजलेली एक पातळ चकती असते. ती झिर्कोनियाची असते. हे नाव अनोळखी वाटेल, पण ती वस्तू तुमच्या कानात असेल. नथीत, कुड्यांत ‘अमेरिकन डायमंड’ म्हणून जे खडे बसवतात, ते याच झिर्कोनियाचे. त्यात इट्रिया नावाचा दुसरा पदार्थ थोडा मिसळून चकती भाजली आणि ती सातशे-आठशे अंशांपर्यंत तापवली, की तिच्यातून हवेतला ऑक्सिजन आरपार जायला लागतो. वायू म्हणून नाही, विजेचा भार अंगावर घेतलेले कण म्हणून. पलीकडे गॅस असतो. ऑक्सिजन तिथं पोचला की गॅसशी त्याचा संयोग होतो. त्या वेळी अंगावरचा भार तो सोडून देतो. चकतीतून तो भार परत येऊ शकत नाही, त्याला बाहेरच्या तारेतून फिरून यावं लागतं. तारेत आपला बल्ब लावलेला असतो. एवढंच आहे. जाळ नाही, चाक नाही, फिरणारा दांडा नाही. एका चकतीची वीज थोडीच असते, म्हणून अशा पुष्कळ चकत्या पोळ्यांच्या चवडीसारख्या एकावर एक रचतात. चांगलं यंत्र शंभरातले पन्नास ते साठ भाग विजेत देतं. उरलेल्या गरमीवर पाणी तापवलं तर तीही वाया जात नाही.

या घटाची आणखी एक खुबी आहे. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलं तर ज्या वायूनं माणसं मरतात, तो कार्बन मोनॉक्साइड या घटाचं खाद्य आहे. कमी तापमानावर चालणारे दुसऱ्या जातीचे इंधनघट त्यानं बिघडतात आणि त्यांना शुद्ध हायड्रोजन लागतो. हा घट मात्र गोबरगॅसमधला मिथेनसुद्धा वापरतो. म्हणूनच खांब नसलेल्या जागेसाठी याचं नाव निघतं. तिथं हायड्रोजन कोण पोचवणार? शेण मात्र गोठ्यात असतं.

ही कल्पना काही काल-परवाची नाही. झिर्कोनिया तापल्यावर त्यातून वीज वाहते हे नेर्न्स्ट नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी दाखवलं आणि त्यावर एक दिवाही केला. १९३७ साली स्वित्झर्लंडमध्ये असा पहिला घट चालवून पाहिला गेला. आपल्याकडे कोलकात्याची केंद्रीय काच आणि सिरॅमिक संशोधन संस्था यावर काम करते. पुण्यात एच-टू-ई पॉवर सिस्टीम्स नावाची कंपनी आहे. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या फ्राउनहोफर संस्थेबरोबर तिनं हे काम हाती घेतलं. डिझेल जनरेटरच्या जागी बसेल असं लहान यंत्र करायचं, हा त्यांचा उद्देश. पुण्याच्याच थरमॅक्सनं २०२४ साली इंग्लंडच्या सिरीस कंपनीबरोबर करार केला, पण तो उलट कामासाठी. त्यात अशाच चकत्यांना वीज द्यायची आणि वाफेतून हायड्रोजन काढायचा. जाता जाता सांगतो, या थरमॅक्सच्या अध्यक्षपदी १९९६ पासून अनु आगा होत्या, आणि २००४ पासून त्यांची मुलगी मेहेर पदमजी. बॉयलरच्या कंपनीत बाई काय करणार, असं म्हणणाऱ्याला हे जरूर सांगा.

जपानमध्ये असे घट घरोघरी बसतात. ७०० वॉटचं यंत्र घराच्या बाहेरच्या भिंतीशी उभं असतं. ते रात्रंदिवस चालू ठेवतात आणि त्याच्या गरमीवर अंघोळीचं पाणी तापतं. पण तिथं नळानं गॅस येतो आणि शेजारी तारेतली वीजही असते. कमी पडलं तर वीज तारेतून घेता येते. आपल्या वस्तीवर तारच नाही.

शेणातल्या गॅसवर उजेड करण्यात आपला मुलूख मागं नाही. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोगी आश्रमात १८९७ साली मैल्यापासून गॅस करून दिवे लावले होते. आणि वीज गावानंच करायची म्हटलं तर धडगाव तालुक्यातलं बिलगाव आठवतं. तिथल्या आदिवासींनी २००३ साली श्रमदानातून धबधब्यावर १५ किलोवॉटचं वीजकेंद्र उभं केलं. ते २००६ साली सरदार सरोवराच्या पाण्यात बुडालं ही गोष्ट वेगळी, पण जोवर होतं तोवर ते गावाचं होतं.

आता आपला हिशेब. इथं जरा कागद-पेन्सिल घ्या.

एक जनावर दिवसाला दहा किलोच्या आसपास शेण देतं. पंचवीस किलो शेणापासून एक घनमीटर गॅस होतो. म्हणजे पाच जनावरं असतील तर पन्नास किलो शेण आणि दोन घनमीटर गॅस. पाच माणसांच्या स्वयंपाकाला सव्वा ते दीड घनमीटर लागतो. उरला अर्धा, फार तर पाऊण. एक घनमीटर गोबरगॅसमध्ये साधारण सहा युनिटांइतकी ताकद असते आणि इंधनघट त्यातली निम्मी विजेत देतो. म्हणजे उरलेल्या अर्ध्या घनमीटरातून दीड युनिट. नऊ वॉटचे पाच बल्ब पाच तास लावले तर पाव युनिटही लागत नाही. त्या मानानं दीड युनिट पुष्कळ झाले, असं वाटेल.

पण एवढ्याशा विजेसाठी हे यंत्र परवडत नाही. समजा एक किलोवॉटचं घेतलं. ते चोवीस तास चालवायचं तर दिवसाला चोवीस युनिट. त्याला आठ घनमीटर गॅस लागेल, म्हणजे दोनशे किलो शेण, म्हणजे वीस जनावरं. हे स्वयंपाक सोडून. वीस जनावरं एका घरात कुठली? चार-पाच घरांनी शेण एकत्र करायचं, तर चार-पाच घरांच्या चुलीचा गॅस यंत्राला जाणार.

आणि शेण नुसतं घालता येत नाही. जितकं शेण तितकं पाणी कालवावं लागतं. दोनशे किलो शेणाला दोनशे लिटर पाणी, रोज. उन्हाळ्यात टँकरपुढं रांग लावणाऱ्या बाईला विचारा दोनशे लिटर म्हणजे काय. पंधरा लिटरचा एक हंडा धरला तर तेरा-चौदा हंडे झाले. माहितीपत्रकात हे लिहिलेलं नव्हतं. यंत्र पाणी तयार करतं, असं मात्र लिहिलं होतं. ते खोटं नाही. ऑक्सिजन आणि गॅसच्या संयोगातून पाणी होतं. पण आठ घनमीटर गॅसमागे ते सातेक लिटर, तेही वाफेच्या रूपात. त्यानं एक हंडासुद्धा भरत नाही.

म्हणून आमच्या गटाचं मत सरळ आहे. पहिला गॅस चुलीला. चुलीचा गॅस काढून विजेला दिला तर बाई पुन्हा काटक्या आणि पऱ्हाटी फुंकणार, आणि दिव्याखाली बसून बाकीचे जेवणार. तो सौदा आम्हाला मान्य नाही.

दुसरी अडचण यंत्राच्या स्वभावाची. ते सातशे अंशांवर चालतं, म्हणून गार असताना लगेच सुरू होत नाही. तापायला काही तास लागतात. कंदिलाच्या तापलेल्या काचेवर पाण्याचा थेंब पडला तर ती तडकते, हे आपण पाहिलंय. या चकत्यांचंही तसंच आहे. सारखं तापवलं, सारखं गार केलं तर तडे जातात. संध्याकाळी सात ते दहा लावायचं आणि बंद करायचं, ही या यंत्राची रीत नाही. भाकरीच्या तव्यासारखं नको, अखंड नंदादीपासारखं ठेवा, तर ते नीट चालतं.

तिसरी गंधकाची. गोबरगॅसला नासक्या अंड्यासारखा वास येतो ना, तो हायड्रोजन सल्फाइडचा. त्यानं जोडवी, पैंजण काळे पडतात आणि या घटाचा तर तो जीवच घेतो. गॅस आधी धुवून घ्यावा लागतो. पहिली पायरी आपल्या गावात स्वस्तात होते. जालन्यात सळयांचे कारखाने आहेत, लेथची दुकानं आहेत. तिथला लोखंडाचा बारीक कीस गंजवून नळकांड्यात भरायचा आणि गॅस त्यातून सोडायचा. गंज गंधकाला धरून ठेवतो. कीस भरत आला की बदलायचा. वापरलेला कीस हवेवर पसरला की तापतो, म्हणून कडब्याच्या गंजीजवळ तो टाकू नका, पेट घेऊ शकतो. चुलीच्या आणि इंजिनाच्या गॅसला एवढं पुरतं. इंधनघटाला मात्र त्याच्यापुढे आणखी बारीक गाळणी लागते, खास कोळशाची. ती कधी बदलायची हे मोजून ठरतं, वास घेऊन नाही.

मग हे यंत्र कुणाच्या कामाचं? जिथं चोवीस तास सारखीच वीज लागते, गरम पाणीही लागतं आणि गॅस भरपूर आहे, तिथं. आमच्या डोळ्यापुढं दूध संकलन केंद्र येतं. दूध थंड ठेवायला रात्रंदिवस वीज, कॅन धुवायला गरम पाणी, आणि शेण गोळा करायला दूध घालणारी पन्नास घरं. तिथं यंत्राची वीजही कामाला येते आणि गरमीही. किंवा डोंगरातला मोबाईलचा टॉवर, जिथं आज डिझेल वाहून न्यावं लागतं. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या लसी दोन ते आठ अंशांत ठेवाव्या लागतात, तिथंही अखंड वीज हवी.

वस्तीवरच्या चार दिव्यांना आणि मोबाईलला सौर पत्रा आणि बॅटरी पुरे. आपल्याकडे ऊन कमी नाही. एक किलोवॉटचा पत्रा दिवसाला चारेक युनिट देतो, त्याला शेण लागत नाही आणि पाणी लागतं ते पुसण्यापुरतं.

तरीही कुणी हे यंत्र घेऊन आलंच, तर त्याला चहा द्या आणि निवांत विचारा. चकत्यांची चवड किती वर्षं टिकते, आणि बदलायचा खर्च यंत्राच्या किमतीत धरलाय का? गोबरगॅसवर हेच यंत्र कुठं चालू आहे, आम्हाला नेऊन दाखवता का? नळाच्या गॅसवर चालतं आणि शेणाच्या गॅसवर चालतं, यात फरक आहे. दुरुस्तीचा माणूस जालन्यात आहे की पुण्याहून येणार? डिसेंबर-जानेवारीत थंडीनं गॅस कमी होतो, तेव्हा घट कशावर गरम ठेवायचा? आणि कर्जाच्या कागदावर सही बायांची, तर यंत्राची किल्ली कुणाकडे?

या सगळ्याचा अंदाज आपल्याच आकड्यांवर घेऊ. ज्या गटांत गोबरगॅस आहे त्यांनी आठ दिवस रोजची नोंद करायची. शेण किती पाट्या, पाणी किती हंडे आणि ते कुणी आणलं, शेगडी किती वेळ पेटली, आणि गॅस उरला की संपला. पाटीचं वजन एकदा काट्यावर करून घ्या. पुढच्या बैठकीला वह्या घेऊन मस्तगडला या. दूध केंद्र चालवणाऱ्या गटांनी येताना विजेचं बिलही आणा, त्यांचा हिशेब आधी मांडू.