आबांची घागर

(धुळ्यात कार्यकर्त्या मैत्रिणींच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला कायद्यावर बोलायला सांगितलंय. पण सुरुवात माझ्या वडिलांपासून करते, कारण माझ्या बाबतीत दोन्ही गोष्टी एकमेकींत अडकल्या आहेत.

माझं माहेर जळगाव जिल्ह्यातलं, अमळनेरकडचं. लग्न होऊन आले धुळे जिल्ह्यात. आबा गेले १९९८ साली, ऐन कापूसवेचणीत.

आबा म्हटलं की मला फेडरेशनची रांग आठवते. १९७२ पासून कापसाची एकाधिकार खरेदी होती, कापूस तिथंच घालावा लागे. गाड्यांची रांग रात्र-रात्र हलायची नाही. आबांना लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून ते मला सोबत न्यायचे. कापसावर गोधडी टाकून मी झोपायची. माप झालं की पावती माझ्या हातात. "सांग माय, कितला रुपया व्हयनात?" मी दहा वर्षांची. क्विंटल, भाव, कापसाची प्रत, सगळं जुळवून आकडा सांगायची. मग चार लोकांत म्हणायचे, ही माझी मुनीम.

म्हणून आबा देवमाणूस होते असं समजू नका. आईवर त्यांचा हात उठायचा. सातवीनंतर माझी शाळा त्यांनीच बंद केली, भावाला मात्र धुळ्याला शिकायला ठेवलं. हिशोब माझा चालायचा, सातबाऱ्यावर नाव चालणार नव्हतं. ते गेल्यावर मला नीट रडूही आलं नाही.

तेराव्यानंतर दोन दिवसांनी भावानं कागद पुढे केला. "ताई, वारस नोंद करायचीय, सही दे. तुझं माहेर कुठं जातंय?" मुनीमच ना मी, कागद वाचला. 'हक्क सोडत आहे.' वाचून सही केली. आत्यांनी केली होती, मीही केली. अडाणी बाईला फसवलं असं आपण नेहमी लिहितो. मला कोणी फसवलं नाही. आखाजीला मुऱ्हाळी येणार नाही, या भीतीनं सही केली.

आता कायदा. १९५६ च्या कायद्यानंही आबांच्या वाट्यातला हिस्सा मला मिळत होताच, म्हणून तर सही लागली. महाराष्ट्रानं १९९४ साली मुलीला वडिलोपार्जित जमिनीत जन्मानं हक्क दिला, पण २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्यांना वगळून. माझं लग्न १९८७ चं. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या कायद्यानं ती अट गेली. मग २०१५ साली सुप्रीम कोर्ट म्हणालं, त्या तारखेला बाप जिवंत हवा. पुढच्या वर्षी मी वकिलांकडे गेले, तर पहिला प्रश्न, "वडील कधी गेले?" सांत्वनाला आलेले विचारतात तोच! १९९८ म्हटल्यावर त्यांनी फाईल मिटली. बाहेर येऊन स्टँडवर बसले आणि अठरा वर्षांनी आबांसाठी रडले. कशासाठी रडले, अजून सांगता येत नाही.

११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात सुप्रीम कोर्टानंच ते बदललं. हक्क जन्मानं आहे, बाप तेव्हा हयात असण्याची गरज नाही. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत किंवा कोर्टातून वाटणी झाली असेल तर ती मोडत नाही. आणि तुमचा कागद नोंदवलेला आहे का, हे आधी पाहा. नोंदणीकृत हक्कसोडपत्र मोडणं अवघड. पण नुसत्या तलाठ्यापुढच्या जबाबानं हक्क जात नाही, आणि फेरफार म्हणजे मालकी नव्हे. माझा कागद साधाच निघाला.

गेल्या वर्षी दावा लावला. यंदा आखाजीला मुऱ्हाळी आला नाही. आपल्या खान्देशात त्याच दिवशी लेकी माहेरी येतात आणि त्याच दिवशी पितरांची घागर भरतात. आबांची घागर भाऊ भरतो. मी बाजारातून एक घागर जास्त आणली. सासूबाई म्हणाल्या, "माहेरचा पितर सासरी कसा येईल?" मी म्हटलं, रस्ता माहीत आहे त्यांना, याच घरात दिलंय मला. सासऱ्यांच्या घागरीशेजारी ठेवली, वर डांगर, सांजोरी ठेवली. आगारी टाकताना लेकीनं विचारलं, "आई, आबा कसे होते गं?"

मग तिला ती रांग सांगितली. आईवरचा हातही सांगितला.