पिकॅडिलींतील ओळखीची पाटी

परक्या शहरांत हौसेनें गेलेला प्रवासी आणि कामासाठीं गेलेला प्रवासी या दोघांना एकच शहर दिसत नाहीं. कामकरी प्रवाशाची नजर मनोऱ्यांवर ठरत नाहीं. ती पाट्या वाचीत जाते. त्यांतून खिशांतील पैसा कर्जाऊ असला, म्हणजे प्रत्येक दिवसाचा हिशेब त्याला आधींच करावा लागतो.

१ फेब्रुवारी १९१२ रोजीं लंडनला जाण्यासाठीं बोटींत बसलेले धुंडिराज गोविंद फाळके यांची स्थिति अशीच होती. वय एक्केचाळीस, घरीं बायकामुलें. आदल्या वर्षीं गिरगांवांत ख्रिस्तचरित्रावरील चित्रपट पाहिल्यापासून त्यांना दुसरें कांहीं सुचेना. चित्रपट पाहून पाहून आणि रात्रीं जागून डोळ्यांवर इतका ताण पडला कीं, कांहीं काळ दृष्टिच गेली. उपचारांनीं ती परत आली. पुढें १२,००० रुपयांच्या आयुर्विम्याच्या पॉलिशा गहाण टाकून त्यांनीं १०,००० रुपये उभे केले. आपल्या पश्चात् कुटुंबाला जी पुंजी मिळावयाची, तीच त्यांनीं प्रवासाला लावली होती. छापखान्याच्या यंत्रांसाठीं १९०९ सालीं ते जर्मनीस जाऊन आले होते खरे. पण त्या वेळीं पाठीशीं भागीदार होता.

त्या काळची मुंबई दहा लाखांच्या आंतबाहेर वस्तीची. उपनगरांसह लंडन ७२ लाखांचें! तेथील सर्वांत मोठ्या बस कंपनीनें आपल्या घोड्यांच्या बसगाड्या १९११ च्या ऑक्टोबरांतच मोडींत काढल्या होत्या. रस्त्यांवर मोटारबसांचा गजर, तर जमिनीखालून आगगाड्यांची ये-जा. शहराचें मनहि त्या दिवसांत स्वस्थ नव्हतें. फेब्रुवारीअखेर देशभर कोळशाच्या खाणींत संप सुरू झाला, आणि १ मार्चला मताधिकार मागणाऱ्या स्त्रियांनीं पिकॅडिली, रीजंट स्ट्रीट येथील दुकानांच्या कांचा फोडल्या. अशा शहरांत ओळखीपाळखीवांचून आलेल्या हिंदी माणसानें कोणाचें दार ठोठवावें?

पिकॅडिली चौकाजवळ फाळक्यांना एक पाटी दिसली: ‘बायोस्कोप’. हें साप्ताहिक ते मुंबईंत वर्गणी भरून मागवीत असत. त्या अफाट वस्तींत ओळखीचें असें एवढें एक नांव! ते सरळ आंत गेले.

संपादकांनीं त्यांचें म्हणणें ऐकून घेतलें, आणि प्रथम त्यांना परावृत्तच केलें. चित्रपटनिर्मिति इंग्लंडांतहि बुडीत चालली आहे. शिवाय हिंदुस्थानची हवा या धंद्याला मानवणार नाहीं, असें त्यांचें मत. सल्ला वाईट हेतूचा नव्हता. पण फाळके हटेनात, तेव्हां त्या भल्या गृहस्थानेंच त्यांची गांठ सेसिल हेपवर्थ या निर्मात्याशीं घालून दिली. थेम्सकांठच्या वॉल्टन येथें हेपवर्थचा स्टुडिओ होता. ऊन मंद करून सर्वत्र पसरविणाऱ्या खास कांचा त्याला बसविलेल्या होत्या. उन्हाला दुर्मिळ असलेल्या देशांत तें किती जपून वापरीत, हें त्यावरून समजतें. हेपवर्थनें सर्व खातीं उघडीं करून दाखविलीं आणि चित्रणाचें प्रात्यक्षिकहि दिलें. धंद्याचें गुपित परक्यापुढें असें मोकळें करणारे लोक कोठेंहि थोडेच.

मग खरेदी झाली. विल्यमसन बनावटीचा कॅमेरा ५० पौंडांना, म्हणजे त्या वेळच्या सुमारें ७५० रुपयांना, घेतला. कोडॅकची कच्ची फिल्म आणि तिच्या कडांना छिद्रें पाडण्याचें यंत्र यांची मागणी नोंदविली. दोन आठवड्यांत काम आटोपून फाळके परत फिरले आणि १ एप्रिल १९१२ रोजीं मुंबईस पोंचले. ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढें येण्यास अजून वर्षाहून अधिक अवकाश होता. घरीं यंत्र आलें, तेव्हां तें चालविण्यास प्रथम शिकल्या त्या सरस्वतीबाई. दिवसाची कामें उरकल्यावर अंधाऱ्या खोलींत बसून, केवळ बोटांच्या अंदाजानें, त्या फिल्मला छिद्रें पाडीत.