जोडणी तुटल्यावरही चालणारे ॲप



मोबाइल ॲप तयार करण्याचा व्यवसाय आजच्या स्वरूपात अजून दोन दशकांचाही झालेला नाही. ॲपल कंपनीने १० जुलै २००८ रोजी आयफोनसाठी ॲप स्टोअर खुले केले, तेव्हा त्यात सुमारे ५०० ॲप होती. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये गूगलचे अँड्रॉइड मार्केट सुरू झाले आणि २०१२ मध्ये त्याला गूगल प्ले हे नाव मिळाले. त्यापूर्वीही फोनसाठी प्रणाली लिहिल्या जात होत्या, परंतु त्या लोकांपर्यंत पोहोचवायच्या तर बहुधा फोन बनवणाऱ्या किंवा मोबाइल सेवा देणाऱ्या कंपनीची मर्जी सांभाळावी लागे. ही अट सैल झाल्यामुळे सांगली किंवा लातूरच्या वसतिगृहात बसलेल्या विद्यार्थ्याचे ॲप आणि जगातील बलाढ्य कंपनीचे ॲप एकाच दुकानात मांडले जाऊ लागले. या बदलाचे मोल मोठे आहे. मात्र त्याबरोबर येणाऱ्या जबाबदारीची चर्चा अभ्यासक्रमात फारच थोडी होते.

प्रकल्पाच्या सादरीकरणात ॲप ज्या परिस्थितीत चालते, ती परिस्थिती वापरणाऱ्याच्या वाट्याला क्वचितच येते. सादरीकरणाचा फोन नवा असतो, वायफाय अखंड असते आणि ॲप कोणत्या क्रमाने वापरायचे हे सादर करणाऱ्याला पाठ असते. प्रत्यक्षात मात्र फॉर्म अर्धा भरून झालेला असताना फोन वाजतो, बोलणे लांबते, दरम्यान मेमरी अपुरी पडू लागल्याने ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे फोनचा सर्व कारभार पाहणारी मूळ प्रणाली, मागे गेलेले ॲप बंद करून टाकते आणि परत आलेल्या माणसाला कोरा फॉर्म दिसतो. ॲप पुढे येणे, मागे जाणे, थांबणे आणि संपणे या अवस्थांच्या क्रमाला ‘लाइफसायकल’ म्हणतात. भरलेली माहिती या प्रत्येक अवस्थेत जपणे हे डेव्हलपरचे, म्हणजे ॲप लिहिणाऱ्याचे, पहिले कर्तव्य होय.

गतीचा प्रश्नही असाच आहे. सेकंदाला ६० वेळा ताजे होणाऱ्या पडद्यावर प्रत्येक चित्र तयार करण्यासाठी साधारण १६ मिलिसेकंद मिळतात. पडदा रंगवणे आणि बोटाच्या स्पर्शाला प्रतिसाद देणे ही कामे ‘मेन थ्रेड’ नावाच्या एकाच कार्यप्रवाहात होतात. एसटी स्थानकावर एकच तिकीट खिडकी उघडी असताना कोणी तिथेच चौकशीला उभा राहिला की सारी रांग खोळंबते, तसे मोठी फाइल वाचण्याचे काम या प्रवाहात घातले की संपूर्ण ॲप गोठते. अँड्रॉइडमध्ये स्पर्शाला पाच सेकंदांत प्रतिसाद मिळाला नाही, तर ॲप प्रतिसाद देत नसल्याची नोंद होते.

या व्यवसायातील जबाबदारीचे खरे स्वरूप पैशाच्या व्यवहारात सर्वांत स्पष्ट दिसते. भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळाने एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय ही व्यवस्था आणल्यापासून भाजीच्या टोपलीपर्यंत फोनवरील व्यवहार पोहोचला आहे. समजा, फोनने ‘पाचशे रुपये द्या’ अशी विनंती पाठवली, दूरच्या संगणकाने, म्हणजे सर्व्हरने, ती स्वीकारून खात्यातून रक्कम वळती केली आणि ‘झाले’ हा निरोप परत येण्याआधीच जोडणी तुटली. अशा वेळी जोडणी परत येईपर्यंत फोनला व्यवहार झाला की नाही हे कळण्याचा कोणताही मार्ग उरत नाही. म्हणजे निष्पत्ती यश आणि अपयश अशी दुहेरी नसून ‘अद्याप अज्ञात’ ही तिसरी शक्यताही तितकीच खरी असते. नवशिक्या डेव्हलपरच्या कोडमध्ये हीच शक्यता बहुधा सुटलेली असते, आणि अज्ञाताला अपयश समजून विनंती नव्याने पाठवली गेली, तर गरिबाच्या खात्यातून दोनदा पैसे जातात. म्हणून विनंती पाठवण्यापूर्वीच तिला एकमेव ओळखक्रमांक दिला जातो, पुन्हा पाठवताना तोच क्रमांक वापरला जातो आणि सर्व्हर त्या क्रमांकाचा व्यवहार दुसऱ्यांदा करण्याचे नाकारतो. एकच विनंती कितीही वेळा पोहोचली तरी परिणाम एकदाच व्हावा, या गुणाला ‘आयडेम्पोटन्सी’ असे नाव आहे. निष्पत्ती कळेपर्यंत पडद्यावर ‘व्यवहार प्रलंबित आहे’ असे प्रामाणिकपणे लिहिणे हाही त्याच रचनेचा भाग होय. रंगसंगतीपेक्षा या एका वाक्यावर अधिक वेळ खर्च व्हावा.

जोडणी नसतानाही उपयोगी पडणे हे ॲपचे मोठे सामर्थ्य असते. लोकलगाड्यांचे वेळापत्रक फोनमध्येच साठवणाऱ्या एम-इंडिकेटरला मुंबईतील लाखो प्रवाशांनी आपलेसे केले, त्यामागे हेही एक कारण मानता येईल.

मराठी भाषकांसाठी ॲप करणाऱ्यांपुढे आणखी एक क्षेत्र आहे, आणि त्याकडे होणारे दुर्लक्ष खेदजनक आहे. जगातील लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला संगणकासाठी ठरावीक क्रमांक देणाऱ्या युनिकोड या मानकात ‘ॲ’ या अक्षराला २००८ च्या ५.१ आवृत्तीत स्वतंत्र स्थान मिळाले. परंतु ‘अ’ला चंद्र जोडूनही डोळ्यांना तेच दिसणारे अक्षर उमटते. परिणामी दुकानाच्या साठ्याच्या यादीत ‘ॲल्युमिनियम’ एका पद्धतीने नोंदलेले असेल आणि शोधणाऱ्याच्या कीबोर्डने ते दुसऱ्या पद्धतीने लिहिले असेल, तर माल समोर असूनही ॲप ‘सापडले नाही’ असे सांगते. शोध घेण्यापूर्वी अशी सर्व रूपे एकसारखी करून घेणे हाच यावरील उपाय आहे. देवनागरी अंकांत लिहिलेला मोबाइल क्रमांक अनेक ॲप चुकीचा ठरवतात. नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव या मराठी रीतीला दोनच रकाने पुरत नाहीत. ‘दऱ्या’मधील ऱ्य योग्य फॉन्टअभावी मोडून दिसतो. या उणिवा दूर करण्यासाठी परदेशी कंपनीची वाट पाहण्याचे कारण नाही, कारण त्या ज्यांच्या नजरेला खुपतात, त्यांनाच त्या नीट दुरुस्त करता येतात.

ॲप मागत असलेल्या परवानग्या हाही जबाबदारीचाच प्रश्न आहे. अँड्रॉइडने २०१५ च्या सहाव्या आवृत्तीपासून कॅमेरा, संपर्कयादी, ठावठिकाणा यांसाठी वापराच्या क्षणी परवानगी विचारण्याची पद्धत आणली, आणि भारतात २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला, ज्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळलेल्या संमतीची तरतूद आहे. कायद्याच्या धाकाने नव्हे, तर गरज नसलेली माहिती न मागणे हा सभ्यतेचा भाग आहे म्हणून विजेरीच्या ॲपने संपर्कयादी मागू नये.

नोकरीत आल्यावर नवे ॲप लिहिण्यापेक्षा दुसऱ्याने लिहिलेला कोड वाचण्यात, आलेले दोष शोधण्यात आणि ऑपरेटिंग सिस्टीमच्या दरवर्षीच्या आवृत्तीनुसार जुने ॲप सुधारण्यात अधिक काळ जातो. सहकाऱ्याने केलेली कोडची तपासणी, जिला ‘कोड रिव्ह्यू’ म्हणतात, हा अपमान नसून शिक्षणाचाच पुढचा टप्पा असतो, आणि दोष शोधून काढणारा टेस्टर ॲप लिहिणाऱ्याइतकाच त्याचा कर्ता असतो.

ज्या विद्यार्थ्यांना या क्षेत्रात यायचे आहे, त्यांनी एक छोटे पण खऱ्या गरजेचे ॲप निवडावे, त्याची पहिली चाचणी घरातील सर्वांत जुन्या फोनवर, इंटरनेट मध्येच बंद करून घ्यावी, आणि ते वापरणाऱ्या पहिल्या दहा माणसांच्या तक्रारी निदान वर्षभर तरी ऐकून घेऊन दूर कराव्यात.