दोन वेटोळ्यांची जोडणी

भोपाळच्या महाराणा प्रताप नगरात दिवेलागणीनंतर रहदारी दाटली, की एखाद्या बंद काचांच्या मोटारीतून गाण्याचे शब्द ऐकू येत नाहीत. केवळ खोल घुमारा येतो. शब्द काचेत अडतात, मंद्र स्वर पत्र्यातूनही बाहेर पडतो. तो घुमारा काढणारा कर्णा, म्हणजे सबवूफर, बहुधा गाडीच्या डिकीत बसविलेला असतो. तो अॅम्प्लिफायरला कसा जोडला, यावर त्या महागड्या यंत्राचे आयुष्य ठरते. चूक मात्र जोडणीच्या दिवशी उमगेलच असे नाही. वऱ्हाड घेऊन निघालेली गाडी अर्ध्या वाटेवर पोहोचली की उमगते.

कर्ण्याच्या पडद्यामागे तारेचे वेटोळे चुंबकाच्या फटीत अधांतरी असते. त्यातून प्रवाह वाहिला की ते पुढेमागे सरते, त्याबरोबर पडदा हलतो आणि हवा कंप पावते. चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग या अमेरिकन अभियंत्यांनी १९२५ साली या रचनेला व्यवहार्य रूप दिले. दुहेरी व्हॉईस कॉइलच्या सबवूफरमध्ये एकाच नळीवर अशी दोन वेटोळी असतात, म्हणून बाहेर चार टोके दिसतात. वेटोळी दोन म्हणून आवाज दुप्पट, हा समज खोटा आहे. जोडणाऱ्याला निवड करता यावी, एवढ्यासाठीच दुसरे वेटोळे दिलेले असते.

समजा, प्रत्येक वेटोळे ४ ओमचे आहे. पहिल्याचे मायनस टोक दुसऱ्याच्या प्लसला जोडून उरलेली दोन टोके अॅम्प्लिफायरला दिली, तर ती एकसर जोडणी. भार ८ ओम होतो. दोन्ही प्लस एकत्र आणि दोन्ही मायनस एकत्र केले, तर ती समांतर जोडणी. भार २ ओमवर येतो. रोध जितका कमी तितका प्रवाह अधिक, हा जॉर्ज ओम यांनी १८२७ साली मांडलेला नियम येथेही लागू पडतो. त्यामुळे २ ओमवर वॅटचा आकडा फुगतो, आणि गिऱ्हाइकाला तोच गोड वाटतो.

परंतु प्रत्येक अॅम्प्लिफायरला भाराची खालची मर्यादा असते. दोन चॅनेल एकत्र करून, म्हणजे ब्रिज करून, यंत्र चालविले की प्रत्येक चॅनेलच्या वाट्याला निम्माच रोध येतो. ब्रिज करताना किमान ४ ओम हवेत, असे ज्या यंत्रावर लिहिलेले असते, त्याला २ ओमचा भार दिला, तर यंत्र तापते. संरक्षक योजना असेल तर ते मुके होते, नसेल तर ट्रान्झिस्टर जळतात. अशा यंत्रासाठी २ ओमच्या दोन वेटोळ्यांचा सबवूफर घ्यावा आणि तो एकसर जोडावा. थोडक्यात, हा हिशेब पैसे मोजण्यापूर्वीच करावयाचा असतो.

बॅटरीची बाजूही उपेक्षून चालत नाही. घरच्या २३० व्होल्टवर ५०० वॅटचे उपकरण दोन अँपिअरहून थोडासाच अधिक प्रवाह घेते. मोटारीच्या १२ व्होल्टवर तेवढाच आवाज देणारा अॅम्प्लिफायर पूर्ण भारावर सुमारे ५० अँपिअर ओढतो. म्हणून वायर जाड हवी, फ्यूज बॅटरीपासून अर्ध्या मीटरच्या आत हवा, आणि पत्र्याच्या भोकातून वायर नेताना तेथे रबरी कडे हवेच. घासून उघडी पडलेली वायर पत्र्याला टेकली, तर गाडी पेट घेऊ शकते. फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा अडकविणारा कारागीर कितीही तरबेज असो, त्याच्या हाती गाडी देऊ नये.

अॅम्प्लिफायर जोडण्यापूर्वी दीड व्होल्टचा साधा सेल एकेका वेटोळ्याला क्षणभर लावून पाहावा. प्लसला प्लस लावल्यावर दोन्ही वेळा पडदा एकाच दिशेने सरकला पाहिजे. एक वेटोळे उलटे जोडले गेले, तर दोघांचे रेटे परस्परांना मारतात आणि पडदा जवळजवळ निश्चल राहतो. मग मल्टिमीटर लावावा. ४ ओमच्या वेटोळ्याला तो साडेतीनच्या आसपास दाखवील. तेवढ्याने घाबरण्याचे कारण नाही, कारण मीटर केवळ तारेचा रोध मोजतो. दोन्ही वेटोळी एकसर जोडल्यावर काटा सातच्या जवळ यावा, समांतर जोडल्यावर दोनच्या किंचित खाली.