घासकामाचें यंत्र : जोड कीं स्वतंत्र ?

पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत डोकावलें असतां एक गोष्ट तेव्हांच ध्यानांत येते. मूर्ति सांच्यांतून निघून वाळली, कीं कारागीर पॉलिशकागदाचा तुकडा हातीं घेतो. बैठकीची सपाट कड तो कागद ताणून घासतो. सोंडेचें वळण मात्र कागदाची घडी बोटावर घेऊन हलक्या हातानें साफ करतो. कागद एकच, परंतु सपाटीची रीत निराळी व वळणाची निराळी. हौसेनें सुतारकाम करणाऱ्या गृहस्थानें घासकामाचें यंत्र घेण्यापूर्वीं हा धडा मनांत ठेवावा.

पेण व रोहें हीं रायगड, म्हणजे १९८१ पूर्वींच्या कुलाबा, जिल्ह्यांतील तालुक्याचीं गांवें. येथें एखाद्या घराच्या पडवींत सुटीच्या दिवशीं रंधा व पटाशी घेऊन पाट, चौरंग, लहानसा देव्हारा करण्याची हौस कोणास असली, तर लवकरच हाताच्या घासाईचा कंटाळा येतो आणि प्रश्न उभा राहतो : पट्टा व तबकडी एकाच मोटारीवर चालविणारें जोडयंत्र घ्यावें, कीं दोन स्वतंत्र यंत्रें घ्यावीं ?

दोहोंचे स्वभाव भिन्न आहेत. पट्टा सरळ धांवतो; त्यामुळें लांकूड त्याच्या रेषांच्या दिशेनें धरतां येतें व ओरखडे लपून जातात. तबकडी गोल फिरते; तिच्या मध्यापासून ३ इंचांवरील बिंदूचा वेग दीड इंचावरील बिंदूच्या दुप्पट असतो. म्हणून कडेशीं लांकूड भराभर झिजतें व ओरखडे कमानीसारखे उठतात. लांब कडांना पट्टा बरा. पायांचीं टोकें, तिरके सांधे व बाहेरची गोलाई यांना तबकडी बरी. मात्र तबकडीची जी बाजू खालीं येते तिच्यावरच लांकूड टेकवावें. वर जाणाऱ्या बाजूस तें उसळून अंगावर येतें.

जोडयंत्राचा गुण म्हणजे जागेची व पैशाची बचत. ४ इंच रुंद व ३६ इंच लांबीचा पट्टा आणि ६ इंची तबकडी असलेलें लहान यंत्र एका बाकावर मावतें. अवगुण असे, कीं एका भागावर काम चाललें असतां दुसरा उगाच फिरत राहतो. लांब फळी धरतांना तो आड येतो. आणि मोटार जळाली तर दोन्ही कामें खोळंबतात. स्वतंत्र यंत्रांत या अडचणी नाहींत, परंतु पडवी तेवढी मोठी हवी.

तथापि ‘जोड’ या शब्दास भुलूं नये. १५ इंच रुंदीच्या पाटाचा माथा ४ इंची पट्ट्यावर घासल्यास त्यावर खांचे पडतात; तबकडीचाही तेथें उपयोग नाहीं. त्या कामास हातांत धरून फिरविण्याचें लहान घासयंत्रच पाहिजे. म्हणून पैसे बेताचे असतील, तर दुसऱ्या मोठ्या यंत्राऐवजीं जोडयंत्र व हातयंत्र ही जोडी अधिक शहाणपणाची.

कोंकणच्या पावसाळ्याचाही विचार हवा. दमट हवेंत पट्ट्याचा सांधा सैल होतो, कागद वांकतो आणि ओल्या लांकडाची भुकटी दाण्यांत गच्च बसते. पट्टे कोरड्या जागीं टांगून ठेवावेत.

भुकटीची गोष्ट तर हौसेपलीकडची आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें १९९५ सालीं लांकडाची धूळ कर्करोगकारक ठरविली. पडवीला लागूनच माजघर असतें व तेथें मुलें निजतात. यंत्र कोणतेंही असो, धूळ ओढून घेणारी नळी व तोंडावरील जाळी यांचा खर्च किंमतींतच धरावा. तेवढ्यास पैसे उरत नसतील, तर यंत्र पुढच्या वर्षीं घ्यावें.

शेवटीं, यंत्र श्रम वांचवितें, विवेक वांचवीत नाहीं. आजोबांच्या वेळचा सागवानी पाट तबकडीवर क्षणभर अधिक टेकला, तर त्याची कड कायमची जाते; रंध्याची चूक दिसतां दिसतां हात थांबतो, यंत्राची चूक दिसेपर्यंत झालेली असते. म्हणून पहिले कांहीं दिवस रद्दी तुकड्यांवर हात बसवावा. घासून गेलेलें लांकूड परत येत नाहीं.